अंधारात साठवलेले घासलेट

माझ्या अक्षराबद्दल आधीच माफी मागते. चौथी पास झाले, त्यानंतर हातात टाक आला तो वाण्याची यादी करण्यापुरताच. ऱ्हस्वदीर्घ चुकले असतील, ओळी खाली घसरल्या असतील. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. पण कधी कोणाच्या हाती पडलीच, तर सांभाळून घ्यावे.

लढाईच्या दिवसांत जुन्नरात घासलेट मिळेनासे झाले. वाणी एका चुलीमागे आठवड्याला एकच बाटली देई. आमच्या घरात चुली दोन, एक माझी आणि एक थोरल्या जाऊबाईंची. ओसरी मात्र एकच. जाऊबाईंना मी अक्का म्हणत असे. मला चारचौघांत बोलता येत नसे, म्हणून वाण्याकडे, सुईणीकडे, अगदी सासूबाईंपुढेसुद्धा माझे बोलणे अक्काच बोलायच्या.

तेल जाते ते दिवेलागणीला, हे त्यांनीच हेरले. "आख्ख्या आळीच्या चुली तवाच, दिवे बी तवाच," त्या म्हणाल्या. "आपण उन्हं हाईत तवर भाकऱ्या थापू, जेवणं उरकू. मग दोन घरांत मिळून वसरीवर एकच कंदील. उरंल ते तेल डब्यात. तुझ्या बाळंतपणाला लागंल."

मला तेव्हा दिवस गेले होते. माहेर ओतूरला, पण आई उरली नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचे होते. आधीचे मूल मी अंधारात गमावले होते. वाऱ्याने दिवा गेला आणि गळ्याला बसलेली नाळ सुईणीला दिसली नाही. त्या वेळी माझे डोके अक्कांच्याच मांडीवर होते. म्हणून या खेपेला उजेड हवा, एवढेच माझे मागणे होते.

चार महिने आम्ही तसे राहिलो. दुपार कलली की मी पीठ मळायला घेई. ओसरीवरच्या कंदिलापाशी थोरले दीर बसत, म्हणून सांज झाली की पोटाशी पाय घेऊन मी माझ्या खोलीत अंधारात बसे. निवडणे राहिले, शिवणे राहिले, तरी दिवा लावला नाही. शेजारणी हसत. "कोंबड्यांसंगं निजता व्हय गं?" म्हणत. आठवड्याला अर्धी बाटली तरी उरे. ती मी अक्कांच्या खोलीतल्या पत्र्याच्या डब्यात ओती. डब्याची कडी हाताला रुते, म्हणून माझ्या जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी मी तिला गुंडाळली होती.

कळा सुरू झाल्या तेव्हा उन्हे उतरत होती. कंदिलात तेल तळाशी होते. सुईण म्हणाली, "भरून आणा." अक्का आत गेल्या आणि मोकळ्या हातांनी आल्या.

"डबा गळला गं. समदं भुईनं पिलं."

तेवढ्यात पुढची कळ आली. हे आळीत तेल मागत फिरले. तिन्हीसांजेला कोण तेल देणार? शेवटी मागच्या दाराने शेजारच्या मुसलमान घरातल्या चाची आल्या. त्यांच्या घरी कागद करायचा धंदा होता आणि आमची त्यांची भिंत एक. हातात त्यांची चिमणी होती.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, दिवेलागणीला घरचा दिवा बाहेर देत न्हाईत."

"आमच्यात बी देत न्हाईत," चाची म्हणाल्या. "म्हणून तर दिव्याबरोबर मी आले. ह्यो माझ्याच हातात ऱ्हाईल."

मुलगी होईपर्यंत त्या माझ्या उशाशी चिमणी धरून बसल्या. मुलगी सुखरूप झाली.

बारशाला अक्का नवी नथ घालून आल्या. लोणी गावच्या भावाने दिली म्हणाल्या. मला छान वाटली.

सव्वा महिना झाल्यावर मी देवाला गेले. येताना वाण्याच्या दुकानापुढे एक डबा दिसला. कडीला माझी तांबडी चिंधी. डबा गळत नव्हता. वाण्याचे गिऱ्हाईक त्यातूनच बाटली भरून घेत होते. मी पदर पुढे ओढला, खाली बसले, चिंधी सोडली आणि घरी आले. कंदील टांगायच्या खुंटीला ती बांधून ठेवली.

अक्कांनी ती पाहिली. "बोलाया तोंड न्हाई," त्या म्हणाल्या, "पण चिंध्या बांधाया हात हाईत."

थोरले दीर ओसरीवर होते. त्यांच्यापुढे मी कधी शब्द काढला नव्हता. खाली बघतच मी म्हटले, "चार म्हैने अंधारात बसले, अक्का. कशासाठी, ते तुमालाच ठावं व्हतं."

"पोर जगली न्हवं? मग काय बिघडलं?"

दिरांनी चिंधीकडे पाहिले, मग नथीकडे. "डबा केवढ्याला दिलास?"

"साडेसा रुपये," अक्का पुटपुटल्या.

"निम्मे तिचे. नथ मोड आन् दे."

"नथ मोडायची न्हाई. मी फेडीन."

त्या शेण्या विकून फेडू लागल्या. कधी आणा, कधी दोन आणे माझ्या कोनाड्यात ठेवून जायच्या. वाण्याकडे आता मी स्वतः जाऊ लागले. पहिल्या दिवशी नुसती यादी पुढे केली. पण माझे बोलणे मी पुन्हा त्यांच्या तोंडी दिले नाही. दिवसाकाठी दहा वेळा समोरासमोर येत होतो. तिखटमीठ लागले तरी मागितले नाही.

मुलगी चालायला लागली त्या सुमाराची गोष्ट. मी दिवा लावत होते. अक्का उंबऱ्याशी आल्या. तिन्हीसांजेला घरातून पैसा बाहेर देऊ नये, हे मला लग्नानंतर त्यांनीच शिकवले होते. त्यांनी चार आणे कोनाड्यात ठेवले नाहीत, माझ्या हातावर ठेवले.

"घे. फिटलं."

नाकात नथ नव्हती. का, ते मी विचारले नाही. मूठ मिटली. सव्वातीन रुपये पुरे झाले होते.