अक्षतांची पुडी

यंदाच्या पौषात, दुसऱ्या बुधवारी, जळगावच्या कडेला असलेल्या एका गावाच्या मंगल कार्यालयात आमच्या शाळेतल्या तेरा वर्षांच्या मुलीला पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधून ठेवलं. मांडवाच्या दोरीनं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीपासून जेवणाची शेवटची पंगत उठेपर्यंत. मुलीचं नाव लिहीत नाही, कारण तिच्या आईनं नको म्हटलं. बांधणाऱ्यांचं लिहीत नाही, कारण वकिलानं नको म्हटलं. बाकी सगळं लिहिते.

मी मूळची धुळ्याची. कॉलेजात असताना पत्रकं लिहायला शिकले. कुणावर अन्याय झाला, कधी झाला, आणि आता काय पाहिजे, एवढं एका पानात बसवायचं. धुळ्याच्या एसटी स्टँडवर मी वाटलेल्या पत्रकांत भेळवाला माझ्यादेखत भेळ बांधून द्यायचा. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्याच्या तरी कामाला आली.

पुढे विशेष शिक्षणाची पदविका घेतली आणि जळगावला आले. दोन शिक्षिका आणि एक मदतनीस अक्का यांच्यासोबत बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळा चालवायला लागले. शाळेला सरकारची मान्यता आहे, अनुदान नाही. म्हणजे तपासायला सरकार आणि चालवायला आम्ही. मुलांना ‘दिव्यांग’ म्हणा असा आदेश आला, तो लगेच पाळला. म्हणायला काही लागत नाही. शाळेला खोली द्या असा आदेश मात्र अजून कुणी काढलेला नाही.

खोली नव्हती म्हणून शाळा मंगल कार्यालयात भरायची. हॉलचे मालक नाना, आमच्या शिक्षिकेच्या ओळखीतले. माणूस चांगला. त्यांनी भाडं घेतलं नाही, अट एकच घातली: ज्या दिवशी लग्न, त्या दिवशी शाळा नाही. आम्ही तुळशीच्या लग्नापासून पुढच्या तिथी पंचांगात बघून ठेवायचो. गावातले लोक हसायचे. एक आबा मला दर वेळी विचारायचे, “काय मॅडम, यंदा शाळा किती मुहूर्तांवर?”

साध्या शाळेत हे चाललं असतं. उद्या सुट्टी म्हटलं की पोरं उड्या मारतात. आमच्या मुलांचं तसं नसतं. त्यातल्या पुष्कळांना ‘उद्या’ सांगून कळत नाही, कारण उद्या हातात धरता येत नाही. रोज तीच वाट, तोच कोपरा, तोच डबा, यावर त्यांचा दिवस उभा असतो. त्यातलं काही एक हललं की मूल दिवसभर किंचाळतं, नाहीतर स्वतःचा हात चावतं.

म्हणून आम्ही दोन गोष्टी बसवल्या. पहिली, चौकोन. नानांना विचारून हॉलच्या फरशीवर ऑइलपेंटनं चौकोन रंगवले, प्रत्येक मुलाचा एक. लग्नात त्यावर गालिचा पडायचा, दुसऱ्या दिवशी गालिचा उचलला की चौकोन जागच्या जागी. या मुलीचा पिवळा, दुसऱ्या खांबाजवळचा. मुलांना शिकवलं की हा चौकोन तुझा, इथून तुला कुणी उठवणार नाही. कुणी हलवलं, ढकललं, तर ओरडायचं नाही, चावायचं नाही, हात वर करायचा. हात वर दिसला की बाई येणार. हे शिकायला या मुलीला अख्खं वर्ष लागलं. ती बोलत नाही. पण हात वर करायला शिकली, आणि हात वर केला की कुणीतरी येतं, हेही शिकली.

दुसरी गोष्ट पुडी. लग्न झाल्यावर हॉल झाडायला आम्हीच असायचो आणि चौकोनाचौकोनांतून अक्षता निघायच्या. त्यावरून सुचलं. ज्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी लग्न असेल, त्या दिवशी शाळा सुटताना प्रत्येक मुलाच्या हातात पिवळ्या तांदळाची एक पुडी द्यायची, लाल दोऱ्यानं बांधलेली. मुलानं ती घरी नेऊन देवापुढे ठेवायची. सकाळी उठून देवापुढे पुडी दिसली की शाळा नाही. नसली की आहे. दोन-तीन महिन्यांत सगळ्यांना हे पक्कं झालं. एका पालकांनी सांगितलं, रविवारी मुलगा पुडी शोधत बसतो आणि सापडली नाही की दप्तर काढतो. मग आम्ही शनिवारीही पुडी द्यायला लागलो.

या मुलीची आई डाळ मिलमध्ये निवडायच्या कामाला आहे. मूळ घर सातपुड्याच्या पायथ्याला, इथे मिलमागच्या खोल्यांत भाड्यानं राहतात. बाप ट्रकवर, महिन्यातून कधीतरी घरी. मुलगी एकटी शाळेत येते ही आमच्या शाळेची सगळ्यात मोठी कमाई होती. आधी अक्का तिचा हात धरून आणायच्या. मग हात सोडून शेजारून. मग एक विजेचा खांब मागे राहून, मग दोन. शेवटी अक्का नुसत्या वळणावर उभ्या राहायच्या आणि नंतर त्याचीही गरज उरली नाही.

पौष हा आमचा सगळ्यात चांगला महिना. पौषात लग्नं लागत नाहीत. अख्खा महिना हॉल आमचा, पुडी फक्त शनिवारी. यंदाही तसंच चाललं होतं. मंगळवारी शाळा सुटली, मुलं घरी गेली, मी धुळ्याला आईकडे जायला निघाले, आणि संध्याकाळी नानांचा फोन आला. गावातल्या एका घरच्या मुलाचा परदेशातल्या नोकरीचा व्हिसा आला होता आणि त्याला आठवड्याच्या आत निघायचं होतं. भटजींनी काढीव मुहूर्त काढून दिला होता, बुधवारचा. नाना म्हणाले, नाही म्हणता येईना, ताई.

आम्ही सगळ्या मुलांच्या घरी फोन केले. या मुलीच्या आईशी मी स्वतः बोलले. तिनं सकाळी मिलवर जाताना मुलीला दोनदा सांगितलं की आज शाळा नाही. मुलीनं देवापुढे बघितलं. पुडी नव्हती. तिनं केस विंचरले, पाण्याची बाटली घेतली आणि निघाली.

पुढचं मला नंतर फोटोग्राफरनं त्याच्या शूटिंगमध्ये दाखवलं, म्हणून माहीत आहे. ती हॉलमध्ये येते, लोकांकडे बघत नाही, सरळ दुसऱ्या खांबाकडे जाते. खुर्च्यांची ओळ सरकवते. गालिच्याचं टोक उचलून खाली पिवळा रंग बघते, गालिचा परत नीट घालते आणि मांडी घालून बसते. लोक हसतात. एक बाई तिच्या हातात लाडू देते. इथवर सगळं ठीक होतं. पण तो खांब स्टेजच्या पायऱ्यांच्या तोंडाशी आहे आणि नवरदेव तिथूनच वर चढणार होता. कुणीतरी तिला उठ म्हणालं. मग दोघांनी दंडाला धरलं. ती जमिनीला चिकटली. आणि तिनं हात वर केला.

शूटिंगमध्ये हे स्वच्छ दिसतं. माणसं तिला ओढताहेत आणि तिचा उजवा हात सरळ वर आहे. ओरडत नाही, चावत नाही. आम्ही शिकवलं होतं तसं, अगदी तसं. मग कॅमेरा वळतो, कारण बँड आला.

मागे नेऊन बांधली, कारण दोनदा बाहेर काढली आणि दोनदा परत येऊन बसली. हे बांधणाऱ्यांनीच पोलिसांना सांगितलं, तक्रार केल्यासारखं. दुपारी अक्का हॉलच्या मागच्या रस्त्यानं चालल्या होत्या, त्यांना दिसलं. त्यांनी दोरी सोडली आणि मला फोन केला. मी तेव्हा परतीच्या एसटीत, पारोळ्याच्या पुढे होते. पोचले तेव्हा मुलगी अक्कांच्या घरात भिंतीकडे तोंड करून बसली होती. मनगटाला वळ होते. हात वर करून दाखव म्हटलं, केला नाही. तेव्हापासून आजवर केलेला नाही.

नवरदेवाचे काका भेटले. आवाज चढवला नाही, उलट समजावत होते. म्हणाले, “मॅडम, उपाशी नाही ठेवली हो तिला. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, सगळं ताट तिथंच नेऊन दिलं.” ताट दिलं होतं हे खरं आहे. उजवा हात बांधलेला होता आणि पुढ्यात ताट होतं.

पोलीस चौकीत आम्हालाच सांगितलं, त्यांच्याही घरचं शुभकार्य होतं, समजून घ्या, मिटवून टाका. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, मी सोबत नेला होता, कलमासकट. साहेबांनी चाळला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. तक्रार घ्यायला लावली, घेतली, ती तिथेच आहे. आईला मिलवर कुणीतरी सांगितलं की नाद सोड, परक्या गावात राहतेस. ती मला एवढंच म्हणाली, “मन्ही पोर येडी नही शे, ताई. तिनी जागा तिले ठाऊक शे. बठ्ठासनी देखं, कोनीच काही बोलनं नही.” बठ्ठासनी म्हणजे सगळ्यांनी.

महिन्याभरात नानांनी हॉल सोडायला सांगितलं. बुकिंग तुटतंय म्हणाले. लोक विचारतात म्हणे, ती पोरं असतात तोच हॉल का? सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चौकोन त्यांनी रॉकेल लावून घासून काढले. पिवळा पूर्ण निघाला नाही.

सध्या शाळा एका देवळाच्या सभामंडपात भरते आणि सप्ताह, भजन, बारसं, काहीही आलं की उठते. तिथे फरशी रंगवता येत नाही. निम्मी मुलं येत नाहीत. जिल्ह्याच्या कार्यालयातून सांगणं आलंय की कायमची जागा दाखवा, नाहीतर मान्यतेचं बघावं लागेल. मी विचारलं, जागा कुठून आणू? ते म्हणाले, ते आमच्या कक्षेत येत नाही.

जागा आहे. गावात जिल्हा परिषदेच्या शाळेची एक जुनी खोली आहे. पट कमी झाला, मुलं नव्या इमारतीत गेली आणि खोलीला कुलूप लागलं. आत मोडके बाक आणि गणपती मंडळाचा थर्माकोलचा हत्ती आहे. कौलं शाबूत, फरशी शाबूत, शेजारी हातपंप. मुलीच्या घरापासून तीच वाट, हॉलच्याही अलीकडे. ठराव ग्रामसभेनं करायचा होता. मी अर्ज दिला आणि विषय आला.

मी उभी राहून सगळं सांगितलं, बांधल्याचंही. मागून एक जण म्हणाला, “गावमा येडा काय कमी शेतंस, आखो बाहेरून आणताय?” सगळे हसले, तो पुढच्या निवडणुकीला उभा राहणार आहे. एका ताईंनी शंका काढली की शेजारच्या आमच्या मुलांवर परिणाम होईल. कसला, ते त्यांना सांगता आलं नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, काम चांगलंय, पण धुळ्याला का नाही काढत, तुमचंच गाव आहे. मग सरपंच म्हणाले, बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.

अक्कांचा हात वर गेला. आमच्या दोन शिक्षिकांचे गेले. दोन-चार बायकांचे गेले, त्यातला एक नवऱ्यानं बघितल्यावर खाली आला. मुलीची आई मिलमधली पाळी बुडवून आली होती, तिनं दोन्ही हात वर केले. तिचं मत इथलं नाही म्हणून मोजलं नाही. मंगल कार्यालयाचे मालक नाना खुर्चीत बसून होते, मांडीवरची टोपी दोन्ही हातांत धरून. मी त्यांच्याकडे बघत राहिले. विषय पुढच्या सभेवर ढकलला.

परवा मुलीच्या घरी गेले. आई मिलवर जाताना आता बाहेरून कडी लावते. दुसरं काय करणार? मुलगी आत डाळ निवडत बसली होती, आई तिच्यासाठी मूठभर आणते. मी म्हटलं, चल, शाळेत जाऊ, मी आले ना. ती उठली. मला वाटलं, येतेय. ती देवापाशी गेली आणि तिथून एक पुडी आणून माझ्या हातात दिली. वर्तमानपत्राचा तुकडा, आत तुरीची डाळ, वरून गुंडाळलेला आईच्या साडीचा दोरा. आई म्हणाली, रोज रात्री स्वतः बांधते आणि सकाळी बघते.

तिला शाळा नको असं मी लिहू शकले असते. तसं नाही. तिला ठाऊक आहे की तिची जागा नाही, आणि जागा नसलेल्या दिवशी घरात राहायचं असतं, हे आम्हीच तिला शिकवलं. मी पुडी परत देवापुढे ठेवली.

तुम्ही त्या लग्नात जेवला असाल. नसाल तर अशाच एखाद्या लग्नात जेवला असाल. तुमच्याही गावात कुलूप लावलेली एक खोली आहे, तुम्हाला ती माहीत आहे, तिच्यासमोरून रोज जाता. दया नको, देणगी नको, आमच्या मुलांच्या हातचे आकाशकंदीलही घेऊ नका. पुढच्या ग्रामसभेला जा. खोलीचा विषय निघाला नाही तर तुम्ही काढा. आणि विचारतील तेव्हा, नवरा, भाऊ, सरपंच, कुणीही बघत असलं तरी, हात वर करा, आणि मोजून होईपर्यंत खाली घेऊ नका.