वडिलांच्या बुटांचा आवाज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, तर आधी एक कबूल करते : मला माझ्या कानांचा फार गर्व होता. नारायण पेठेत वाढले, नऊ वर्षं व्हायोलिन शिकले. बेसूर माणसाशी मी धड बोलतही नसे.

पुण्यात कंप्युटरची कामं परदेशातून येऊ लागली, तेव्हा मी एका छोट्या कंपनीत लागले. जुन्या टेप कंप्युटरवर घ्यायच्या, खरखर काढायची. एकदा अमेरिकेतल्या एका खेड्यातून टेप आली. नॉर्वेहून तिथे जाऊन वसलेले शेतकरी धान्याच्या कोठारात जमून नाचत, आणि त्यांच्यातला एक म्हातारा फिडल वाजवत असे — आपलं व्हायोलिनच, पण तारा जास्त. टेप पाठवणाऱ्या बाई त्याची मुलगी. टेप इतकी ठिसूळ, की एकदा वाजली आणि तिचे तुकडे झाले.

सुरेख वाजवत होता हो. फक्त खाली सतत धप्, धप्. मी ते पुसायला बसले.

शेजारच्या टेबलावर मोहिते असत — कात्रजकडचे, गावच्या लेझीम पथकात हलगी वाजवणारे. ते म्हणाले, "मॅडम, ते पाय हायत त्याचे. पायानं ताल धरलाय, लोक त्याच्यावरच नाचत्यात."

"अरे वा! नॉर्वेचं संगीतही तुमच्याच गावचं का?" मी म्हणाले.

दोन दिवस खपून एकेक ठोका पुसला. आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं; दुसरी प्रत नव्हती.

महिन्याभराने बाईंची मेल आली. सगळं छान आहे, पण बाबांच्या बुटांचा आवाज कुठे गेला? लहानपणी त्या त्यांच्या पायांशी बसत, खालची फळी हादरत असे. टेप पाठवली होती ती त्यासाठीच.

चूक झाली, एवढं लिहायला काय लागत होतं? नोकरी गेली नसती — साहेब भला माणूस होता. पण मोहिते बरोबर होते, हे मला मान्य करायचं नव्हतं. मी लिहिलं : टेपवर तसा आवाज नव्हताच.

उत्तर आलं. त्यांनी माफी मागितली होती — माझी! आता वय झालं, असं लिहिलं होतं. बाबांनी पाय आपटल्याची आठवण आपणच मनाने रचली असणार.

मोहित्यांनी ते माझ्या स्क्रीनवर वाचलं आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले.

टेपवर तो आवाज होता. ऐकलेली माणसं आम्ही दोघंच. बाईंचा पत्ता माझ्याकडे कित्येक वर्षं होता. मी लिहिलं नाही.