मावशीनं न सांगितलेले आठवडे

आईचं शैलामावशीशी बोलणं माझ्यामुळे बंद झालं. मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "तू जाऊन ये. मी नाही येत." त्याला महिना झाला...

आईची ही धाकटी बहीण रायपुरात स्त्रीरोगतज्ज्ञ होती. राज्य नवं झालं, शहर वाढलं, तसे मुहूर्तावर सिझेरियन करून देणारे दवाखानेही वाढले. मावशीकडे मात्र उरला या कारखान्यांच्या वस्तीतल्या मजुरांच्या बायकांचीच गर्दी. माझी बायको मीनलही तिथेच तपासून घ्यायची. बाळ पायाळू, म्हणून सिझेरियन ठरलेलं होतं. आईनं गुरुजींकडून मुहूर्त आणला. तो ठरल्या तारखेच्या तीन आठवडे आधीचा निघाला.

"एकोणचाळीस आठवडे भरल्याबिगर मी हात नाही लावत," मावशी म्हणाली. "काहून रे, लेकराले पोटातच कलेक्टर करून राहिला का?"

"सगळेच करतात, मावशी."

"फुप्फुसं पंचांग पाहून नाही पिकत, राजा."

मी चिडलो. मीनलला दुसरीकडे नेलं, तिला गप्प बसवलं आणि तिथल्या डॉक्टरांना पाळीची तारीख तीन आठवडे आधीची सांगितली, म्हणजे दिवस भरलेले दिसावेत. मुलगी झाली, पण प्रत्येक श्वासाला तिची छाती आत ओढली जायची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मावशी न बोलावता आली. "खरे आठवडे सांगितले का या डॉक्टरायले?" "नाही," मी म्हणालो. तिनं मला हाताला धरून डॉक्टरांपुढे उभं केलं. "सांग." मी सांगितलं.

बाहेर आईनं विचारलं तेव्हा मात्र म्हणालो, "मावशीनं नाही म्हटलं, परक्याच्या हाती जावं लागलं, म्हणून हे झालं." मावशी शेजारीच होती. आईनं तिला नको नको ते सुनावलं. "ताई, पेशंटचं मले बोलता येत नाही," एवढं म्हणून ती निघून गेली.

पोरगी बरी झाली. आता कॉलेजात आहे, माझ्याशी हिंदीत भांडते. दोघी बहिणी मात्र लग्नाकार्यांत एकमेकींना टाळत राहिल्या. दिवाळीला मी मावशीकडे एकटाच जायचो, विचारायचो, "आईला सांगून टाकू का?"

"मले काय विचारतो? तोंड माझं बांधलेलं आहे, तुझं नाही."

मी चहा पिऊन परत यायचो... वर्षानुवर्षं.

तेरवीहून आलो तेव्हा आई भाजी निवडत होती.

"होते का लोक?"

"लय. उरल्याच्या बाया तर रडून राहिल्या होत्या."

"असतील. बाहेरच्यांचीच होती ती."

मी तिच्यापुढे खाली बसलो.

"नाही आई. ती आपली होती. आठवडे मी खोटे सांगितले होते. डॉक्टरले, अन् मग तुले. तिले सगळं माहीत होतं, तरी तिनं तुझं ऐकून घेतलं. तुझी बहीण मी तोडली. मले माफ कर."