गिअरमध्ये अडकलेली अक्षता

तमाम आप्तेष्ट, शेजारी आणि वाहनमालक यांना याद्वारे अत्यंत गांभीर्यानं जाहीर करण्यात येतं की, गाडीची पूजा करताना नारळ गाडीच्या बाहेर फोडावा. चाकापुढे फोडावा, फारच हौस असेल तर मालकाच्या टाळक्यावर फोडावा. पण त्याचं पाणी आत, दोन सीटांच्या मधल्या गिअरवर शिंपडू नये. हे ज्ञान मला लातुरात, मुलींच्या एका होस्टेलसमोर, भर उन्हात आणि सात-आठ पालकांच्या साक्षीनं प्राप्त झालं.

मुलगी दहावी झाली होती. आमच्या नांदेडात क्लास काही कमी नव्हते. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच दोन होते. पण मला लातूरच हवं होतं. ‘पोरगी लातूरला असते’ हे वाक्य ऑफिसात चहाच्या वेळी सहज टाकायला काय मजा येते, ते ज्यानं टाकलंय त्यालाच ठाऊक. बायको शिक्षिका, तिला शाळेतून रजा मिळाली नाही. म्हणून पोहोचवायला मी एकटाच निघालो.

विरोध होता तो अक्काचा. ही माझी थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. भूकंप झाला तेव्हा ती औशाकडच्या एका खेड्यात नवी नवरी होती. घर पडलं, माणसं वाचली, आणि पुढं वर्षभर तिनं पत्र्याच्या शेडमध्ये संसार केला. अजूनही ती दगडी भिंतीला पाठ टेकून बसत नाही. मला लातूर म्हटलं की डॉक्टरकीची पाटी दिसायची. तिला हलणारी जमीन.

“कितव्या मजल्यावर खोली हाय रे?” तिनं विचारलं.

“खालीच आहे,” मी ठोकून दिलं. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मुलीनं माझ्याकडं पाहिलं.

तरी धास्तीपोटी अक्कानं गाडीची पूजा दुप्पट केली. स्टिअरिंगला हळद, चावीच्या भोकाभोवती कुंकू, गिअरच्या दांड्यावर मूठभर अक्षता आणि वरून वाटीभर नारळाचं पाणी.

“अक्का, बस की आता!”

“गप रे. पोरीला सोडायला हीच जाणार अन् तुला परत आणायला हीच. तिला खूश नको ठेवायला?”

वाटेत अहमदपूरला चहाला थांबलो. मुलगी बशीत चहा ओतता ओतता म्हणाली, “पप्पा, आपल्या गल्लीतला क्लास पण चांगला आहे ना?” त्यावर मी जे भाषण केलं, ते ऐकायला चहावाला गाळणी हातात धरून उभा राहिला. जिद्द, त्याग, भविष्य, सगळं आलं त्यात. लग्नसमारंभांत माईक धरणारा माणूस मी. मला कोण थांबवणार? मुलीनं बशी संपवली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, आणि मी समजलो, आपण जिंकलो.

होस्टेलपाशी गाडी लावली, तेव्हा चावी निघेना. वॉचमन सामान उतरवायची घाई करत होता, म्हणून ती तशीच ठेवली. गादी, बादली, पुस्तकं तिसऱ्या मजल्यावर चढवली. रेक्टर मॅडमनी दरडावलं, “पाचच्या आत पालकांनी निघायचं. रडारड गेटच्या बाहेर.” मुलगी मला सोडायला खाली आली, आणि तेव्हा कळलं की गाडी सुरूही होत नाही. ही बिनक्लचची गाडी. गिअरचा दांडा पार्किंगच्या ‘पी’ वर पक्का बसल्याशिवाय ती चावीही सोडत नाही आणि सुरूही होत नाही. दांडा मधेच रुतला होता. ना पुढं, ना मागं.

मग माझा प्रयोग सुरू झाला. स्टिअरिंग हलवलं, फुंकर मारली, ब्रेक दाबून दांड्याला हिसके दिले. पालक जमले. “धक्का मारा”, “बॅटरी गेली”, “दृष्ट लागली”, असे सल्ले येऊ लागले. मी प्रत्येकाला टोला देत होतो, लोक हसत होते. आणि मुलगी, अहमदपूरपासून गप्प असलेली मुलगी, शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि बोलायला लागली.

अर्धा तास ती बोलत होती. खोलीतली दुसरी मुलगी उदगीरची आहे, ती फोनवर कानडीत बोलते, एवढं आठवतं. पुढचं नाही. मी “हं, हं” करत चावी पिरगाळत होतो. पुढं कितीतरी वेळा मी तो अर्धा तास आठवून पाहिला. चावीच्या भोकाभोवतीचं कुंकू जसंच्या तसं दिसतं. तिचं एक वाक्य ऐकू येत नाही. एकदा तिलाच विचारलं. तोवर ती नोकरीला लागली होती. “काही विशेष नव्हतं हो पप्पा,” म्हणाली.

वॉचमननं चौकातून एक म्हातारा मेकॅनिक आणला. त्यानं दांड्याच्या बुडाशी बोट फिरवलं, हुंगलं आणि सरळ जिभेला लावलं.

“साहेब, हे तर नारळाचं पानी हाय! वाळून गोंद झालाय. अन् हे काय, तांदूळ? गाडीत सैपाक केला का काय?”

पालक पोट धरधरून हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

त्यानं गरम पाण्याचा फडका दांड्याभोवती फिरवला. “आता तेवढी अक्षता निघाली की झालं. ताई, केसातली पिन दे बरं.”

“माझ्याकडं नाही,” मुलगी म्हणाली.

पिन तिच्या कानामागं दिसत होती. मला तो मुलीचा वेंधळेपणा वाटला. “अगं, ही काय!” म्हणत मी तिच्या केसांतून ती ओढून काढली आणि एखादं बक्षीस द्यावं तशी मेकॅनिकच्या हातात ठेवली. तिची बट डोळ्यांवर आली. तिनं ती मागं सारली नाही.

त्यानं फटीत पिन घातली. कुंकवानं लाल झालेला एक दाणा बाहेर आला. खट्‌ करून दांडा जागेवर बसला. मी चावी फिरवली, इंजिन घुमलं, पालकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी खिडकीतून हात उंचावून सगळ्यांना अभिवादन केलं.

टाळ्या थांबता थांबता शेजारच्या सीटवरून मुलीच्या तोंडून निघून गेलं, “इतक्यात सुरू झाली पण?”