मुकादमाची बदली

पुस्तकं बांधणाऱ्या काकूंना गल्लीत सगळे ‘बांधणीकाकू’ म्हणत आणि त्यांच्या बोक्याला ‘मुकादम’. हा गडी स्वतः काडीचं काम करायचा नाही, पण शिवणीला घेतलेल्या पानांच्या गठ्ठ्यावर बसून सगळ्यांवर नजर मात्र ठेवायचा. बरं, तो काही हौसेने आणलेला नव्हता. बांधणीची खळ मैद्याची, आणि मैद्याच्या वासाला आलेले उंदीर जायचं नाव घेत नाहीत. मुकादम आला आणि उंदरांनी गाशा गुंडाळला.

पुढे काकूंना त्रास सुरू झाला. आधी डोळे चुरचुरायचे, नाक गळायचं, आणि मग छाती सूं-सूं वाजायला लागायची.

“तुला खळ बाधते,” काका म्हणाले.

काकूंनाही ते पटलं. मैदा बदलला, पुठ्ठे कापायचं काम काकांकडे गेलं, तोंडाला फडकं आलं. फरक शून्य! जिना चढताना मधेच टेकावं लागायला लागलं, तेव्हा काका एकदा सरळच म्हणाले, “हे काम आता बंद करू या.” काकूंनी हातातली शिवण आणखीच जवळ ओढली. सगळा जन्म सुई-दोऱ्यात गेलेला. रिकाम्या हातांनी जगायचं कसं?

जरा आराम म्हणून त्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. पण जित्याची खोड! तिच्या यजमानांची जुनी मासिकं दिसली आणि काकूंनी दुसऱ्याच दिवशी बहिणीच्या ओट्यावर खळ शिजवली. तीच खळ, तेच पुठ्ठे, तीच धूळ. पण एक शिंक येईल तर शपथ. जिनासुद्धा एका दमात चढल्या. काकू मनात काय ते समजल्या आणि चक्क गप्प बसल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, “हवापालट मानवला हो.” मुकादम तेव्हा मांडीवर पसरला होता. लबाडीच ती, पण मुकं जनावर मांडीवर झोपलं की माणसाची अक्कल गहाण पडते.

व्हायचं तेच झालं. बांधणीच्या टेबलाशीच काकूंचा श्वास अडकला, तोंडातून शब्द फुटेना. काकांनी त्यांना तसंच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाफेतून औषध दिल्यावर काकू जरा सावरल्या.

“आधी काय होतं? डोळे की छाती?” बाईंनी विचारलं.

“डोळे.”

“घरात मांजर आहे?”

काकू जमिनीकडे बघायला लागल्या. काका म्हणाले, “बोका आहे. पण स्वच्छ हो! दिवसभर अंग चाटत असतो.”

“तीच तर मेख आहे. ती लाळ वाळते आणि कोंड्याबरोबर हवेत उडते. नाक आणि छाती म्हणजे शेजारशेजारची घरं; एकीकडे भांडण पेटलं की दुसरीकडे झळ लागतेच. तुमचा दमा असाच नाकातून खाली उतरलाय. पंप देते, तो रोज घ्या. पण बोका घरात ठेवून पंप घेणं म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसणं.”

“काम सोडावं लागेल?” काकूंनी भीत भीत विचारलं.

“काम कशाला? बोका सोडा.”

काकू हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

मुकादमाची बदली समोरच्या छापखान्यात झाली. तिथेही उंदीर होतेच. पडदे, गाद्या, चादरी सगळं धुऊन काढलं. कोंडा महिनोन् महिने घर सोडत नाही, असं बाईंनी बजावलं होतं. त्रासही हळूहळूच गेला. पण गेला. काकू आता दिवसभर शिवण घालतात आणि गुणगुणतातसुद्धा. काका म्हणतात, आधीच बरं होतं, शांतता तरी होती.

एका दुपारी मुकादम रस्ता ओलांडून आला आणि दार ओरबाडायला लागला. काकू उठल्या. कडीवर हात गेला आणि तिथेच थांबला.

“नाही रे राजा,” त्या दाराआडून म्हणाल्या. मग खिडकीतून त्यांनी छापखानेवाल्यांना हाक मारली. त्यांनी त्याला उचलून खांद्यावर टाकलं, तर पठ्ठ्या मागे वळूनही न बघता निघाला.

काकू टेबलाशी येऊन पोटभर रडल्या. एवढं रडूनही दम लागला नाही हे लक्षात आलं, तेव्हा त्यांना आणखीच रडू आलं.