भाषणातला तो गृहस्थ

हे मी आजवर कुणालाही बोललेलो नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं म्हणजे — मला माझाच इतका वैताग आलाय की आता गप्प बसणंही जमत नाही.

मी काय करतो ते आधी सांगतो. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी सकाळी मी भाषण देतो. फुकट. विषय — इंटरनेटवर नोकरीधंद्याच्या ओळखी वाढवताना होणाऱ्या चुका. समोर बहुतेक चाळिशी-पन्नाशीची माणसं असतात, नोकरी गेलेली किंवा जाणार असं वाटणारी. काही नुकती पास झालेली मुलं-मुली. मी सांगतो, लग्नातला फोटो कापून लावू नका, शेजारच्या मावशीचा खांदा दिसतो. अनोळखी माणसाला पहिल्याच निरोपात बायोडेटा पाठवू नका. कुणाला नोकरी लागली की साइटने तयार ठेवलेलं अभिनंदन ढकलू नका, दोन शब्द स्वतःचे लिहा. जुन्या साहेबाबद्दल वाईट लिहू नका, तो वाचतो. लोक उतरवून घेतात. चहाच्या वेळी मला सर म्हणतात.

आणि शेवटी मी एका गृहस्थाची गोष्ट सांगतो. एका गृहस्थाने मित्राची नोकरी गेल्याची बातमी मित्राला न विचारता, त्याच्या नावासकट, जगजाहीर केली — मदत करायची म्हणून. सभागृहात चुकचुक होते. कुणीतरी हमखास म्हणतं, "काय एकेक माणसं असतात!" मीही मान हलवतो.

तो गृहस्थ मी आहे.

पण हे एवढंच असतं तर मी इतका चिडलो नसतो. मूर्खपणा माणूस कबूल करू शकतो. त्याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे यायला मला अजूनही वळसे घ्यावे लागतायत.

तर — नोकरीधंद्याच्या ओळखींची जी साइट आहे ना, तिच्यावर मला रोज लिहायचं वेड आहे. रोज सकाळी आंघोळीच्या आधी मी जगातली एखादी नवलाची गोष्ट टाकतो आणि तिच्यातून कामाचा धडा काढतो. इंग्रजीत. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, म्हणून पुढाऱ्यानेही मन मोठं ठेवावं. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, म्हणून घाई करू नये. वॉम्बॅट नावाचा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो — हो, खरंच टाकतो — आणि त्यातूनही मी शिस्तीबद्दल काहीतरी काढलं होतं. आज वाचताना कानशिलं गरम होतात. वर्तकनगरच्या आमच्या स्वयंपाकघरातून बायको विचारायची, "अहो, आज कुठलं जनावर?"

मनापासून वाचणारा एकच होता. मिलिंद. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत आम्ही शेजारच्या टेबलांवर बसायचो — खरेदी खात्यात. मी नंतर दुसरीकडे गेलो, तो तिथेच राहिला. डोंबिवलीचा. त्याचं त्या साइटवरचं खातं मीच उघडून दिलेलं, फोटोही मीच काढलेला. माझ्या प्रत्येक लिखाणाला त्याचा अंगठा असायचा आणि मग फोन यायचा, "लेंडीचं भारी होतं रे. आमच्या साहेबाला पाठवू का?"

एके दिवशी त्याने मला तलावपाळीला बोलावलं. तलावातल्या बोटी दिसतील अशा बाकावर मला बसवलं. मग म्हणाला, "काढलं रे मला. आमचं अख्खं खातंच बंद केलं."

मी काहीतरी बोललो असेन. त्याने हात वर करून थांबवलं.

"ऐक. घरी बोललेलो नाही. वैशाली उगाच धास्तावेल. घोडबंदर रोडच्या एका कंपनीत दोन मुलाखती झाल्यात, जवळजवळ पक्कं आहे. मी अजून नोकरीत आहे असंच ते धरून चाललेत. विचारलं नाही त्यांनी, मीही बोललो नाही. एकदा पत्र हातात पडू दे, मग सगळ्यांना सांगतो. तोवर तुझ्या-माझ्यात."

"तुझ्या-माझ्यात," मी म्हणालो. वर शहाणपणाही शिकवला — त्या कंपनीतल्या लोकांना साइटवर जोडून घे, नाव डोळ्यांसमोर राहतं. त्याने तिथे बसूनच, मी सांगेन तसं, त्यांच्या भरतीवाल्या बाईंना विनंती पाठवली. ती लगेच मान्यही झाली. तो खूश झाला. आम्ही भेळ खाल्ली.

आता पुढचं. तो आठवडा माझा वाईट चालला होता. म्हणजे काय, तर माझं लिहिलेलं कुणी वाचत नव्हतं. पन्नाशीतल्या माणसाने यावर हळवं व्हावं? पण झालो होतो. त्या सकाळी मी काजूवर लिहायला बसलो. काजूची बी बोंडूच्या आत नसते, बाहेर लोंबते. कोकणातल्या माणसाला यात कसलं नवल! पण माझे वाचक नोएडाचे, गुडगावचे. लिहिलं — काही जण असे बाहेर लोंबतात, तरी खरा ऐवज त्यांच्यातच असतो. आणि मग बोटं थांबेनात. माझा एक मित्र, इतक्या वर्षांची इमानदार नोकरी, एका सकाळी बाहेर. तो घरी सांगायलाही घाबरतोय — हेसुद्धा मी लिहिलं. हेसुद्धा! मग लिहिलं, चला, आपण सगळे मिळून याला मदत करू.

आणि त्याचं नाव घातलं.

दुपारपर्यंत माझा फोन तापला. इतकी माणसं माझ्याकडे कधीच आली नव्हती. हात जोडलेली चित्रं, हृदयं, "असे मित्र हवेत", "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय". मी प्रत्येकाला उत्तर देत होतो. जेवण गार झालं. मिलिंदचा फोन येतोय हे दिसत होतं आणि मी आधी एका चेन्नईच्या अनोळखी माणसाचे आभार मानत होतो. याला काय म्हणाल?

शेवटी उचलला.

"अरे, तू काय लिहिलंयस?" त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं. "वैशालीच्या भावाचा फोन आला तिला — भावजींची नोकरी गेली का म्हणून. ती पोळ्या लाटत होती. माझ्याकडे बघत राहिली फक्त."

आणि मी काय म्हणालो? कुठेही न अडखळता म्हणालो, "अरे मिलिंद, मी तुझं नाव टाकलंच नव्हतं! मी नुसतं 'मित्र' लिहिलेलं. ही साइट आपोआप टॅग करते रे हल्ली. आपण जास्त बोलतो ना, ते तिला कळतं."

साइट असं करत नाही.

नाव आपोआप येत नाही. त्यासाठी एक खूण टाइप करावी लागते. मग नावाची पहिली अक्षरं. मग खाली यादी उघडते — माझ्या यादीत मिलिंद तीन होते, एक पुण्याचा, एक दुबईचा. त्यांच्यातून आपला शोधायचा आणि त्याच्यावर बोट ठेवायचं. मी शोधला. बोट ठेवलं. का? कारण नाव घातलं की त्याच्या ओळखीच्या लोकांनाही माझं लिखाण दिसतं, हे मला माहीत होतं. मी तेच तर शिकवतो! मदतीचा विचार मनात होता का, असं मी स्वतःला खूपदा विचारलंय. होता असेल. पण बोट ठेवताना डोक्यात आकडा होता, मिलिंद नव्हता.

त्याने विश्वास ठेवला. म्हणाला, "काय भिकार साइट आहे रे. तू मनाला लावून घेऊ नकोस." माझी समजूत तो काढत होता! मग म्हणाला, आता इतकी मोठमोठी माणसं लिहितायत, मी काहीच बोललो नाही तर बरं दिसेल का? आणि त्याने माझ्या त्या लिखाणाखाली लिहिलं — सर्वांचे मनापासून आभार, आणि असा मित्र मिळायला भाग्य लागतं. मी त्यालाही अंगठा दिला.

मी ते लगेच काढून टाकू शकलो असतो. त्याला म्हणालोही, "काढतो." मग म्हणालो, आता काढलं तर लोक उलट चर्चा करतील. त्याला ते पटलं. माझं बोलणं त्याला नेहमीच पटायचं.

घोडबंदर रोडच्या बाईंनी दोन दिवसांनी फोन केला. फार गोड बोलल्या, म्हणे. ही जागा सध्या थांबवलीय, पुढे काही निघालं तर नक्की कळवू. नोकरी गेल्याचा विषय त्यांनी काढला नाही, त्यानेही विचारलं नाही. पुढे कितीतरी महिन्यांनी तो टिटवाळ्याला बिल्डिंगांना टाइल्स पुरवणाऱ्या एका माणसाकडे लागला. पगार निम्म्याच्या आसपास. वैशालीवहिनी माझ्याशी नीट बोलतात. पण घरी गेलो की चहा देऊन आत जातात, पूर्वीसारख्या गप्पांना बसत नाहीत. मिलिंद म्हणतो, "मी लपवलं ना, त्याचा राग आहे तिला. तुझ्यावर नाही."

यानंतर मी भाषणं द्यायला लागलो. हो, यानंतर. मला वाटलं होतं, निदान दुसरे तरी सावध होतील, काहीतरी फिटेल. आणि 'एका गृहस्थाची' गोष्ट सांगितली की सभागृह असं शांत होतं! हळूहळू मला ती छान सांगता यायला लागली. कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली आणायचा — पोळ्या लाटण्याचा तपशीलसुद्धा मी वापरतो. ऐकताय ना? मी तोही वापरतो.

गेल्या वेळी मिलिंद आला. न सांगता. त्याला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणाला, बघू तरी तू काय शिकवतोस. मागच्या रांगेत बसला. गोष्ट गाळावी असं मनात आलं. पण नेहमी येणारे एक काका समोरून म्हणाले, "सर, तो आगाऊ गृहस्थ राहिला की!" लोक हसले. सांगावी लागली. मिलिंदकडे न बघता सांगितली — नाव साइटनेच आपोआप घातलं असं त्या गृहस्थाने मित्राला सांगितलं, इथपर्यंत.

संपल्यावर एका मुलीने हात वर केला. चष्मा लावलेली, नुकती इंजिनिअर झालेली. म्हणाली, "पण सर, त्याने नाव मुद्दाम घातलं असणार ना? असं आपोआप टॅग होत नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मिलिंदही. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. तिने उत्तर देऊनच टाकलं होतं, मला नुसती मान हलवायची होती.

मी म्हणालो, "होतं. कधीकधी होतं."

ती म्हणाली, "पण सर, मी तर कधी—"

आणि मागून मिलिंद उठला. "होतं गं बाळा," तो म्हणाला. "माझ्याच बाबतीत झालंय. सर सांगतायत ते खरं आहे, त्यांना यातलं सगळं कळतं." मुलगी ओशाळली. सॉरी सर म्हणून खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या — कशासाठी, त्यांनाच माहीत.

बाहेर पायऱ्यांवर तो मला म्हणाला, "माझं नाव घेतलं नाहीस, बरं केलंस. आणि त्या गृहस्थाला फार झोडपू नकोस रे, त्याचाही नाइलाज होता." मग त्याने फोन काढून माझ्या हातात दिला. "हे खातं बंद करून दे. टिटवाळ्याच्या दुकानाला याचा काय उपयोग? आणि असलं आपोआप काहीतरी करणारं नकोच मला."

मी तिथेच उभा राहून त्याचं खातं बंद केलं. साइट विचारते, नक्की बंद करायचं का, कारण काय. मी त्यातलं 'उपयोग होत नाही' हे कारण निवडलं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून बघत होता.

घरी येऊन मी ते काजूचं लिखाण उघडलं. त्याने मानलेले आभार गेले होते. त्याचं नाव होतं, पण आता ती नुसती काळी अक्षरं होती, दाबली तरी काही उघडत नव्हतं. बाकी सगळं तसंच — हात जोडलेले, हृदयं, असे मित्र हवेत. माझ्या सगळ्या लिखाणात सर्वांत जास्त वाचलं गेलेलं तेच आहे.

ते मी अजून काढलेलं नाही.