खुंटीवरचा बिल्ला

शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईंना एक दिवस सरकारी बोलावणं आलं. किरणोत्सर्गाच्या सुरक्षिततेवर साऱ्या देशात देखरेख ठेवणारं कार्यालय उघडायचं आहे, कायदा झालाय, तुम्ही या, असं साहेब म्हणाले. बाईंनी विचारलं, "कार्यालय आहे कुठं?" साहेब चष्मा पुसत म्हणाले, "ते शोधण्यापासूनच सुरुवात आहे."

शेवटी टपाल कार्यालयाच्या माडीवर तीन खोल्या मिळाल्या. एकीत साहेब, एकीत बाई आणि तिसरीत मागच्या भाडेकरूच्या मोडक्या खुर्च्या. कायद्याचं पुस्तक कोरं करकरीत होतं, पण तो लावायचा कुणाला याचाच पत्ता नव्हता. एक्स-रेची यंत्रं किती आणि कुणाकुणाकडे, हे कुणी म्हणजे कुणी सांगू शकत नव्हतं. मग बाईंनी किरणं मोजायचं यंत्र खांद्याला अडकवलं आणि गावोगाव पायपीट सुरू केली. यंत्रं सापडायची तीही भलत्याच ठिकाणी. एक दाताच्या डॉक्टरच्या जिन्याखाली, एक जनावरांच्या दवाखान्यात चाऱ्याच्या कोठीला खेटून. एका कारखान्यात पोलादी नळांचे सांधे तपासायला किरणोत्सर्गी पदार्थ ठेवला होता, एका जाड पेटीत. त्या पेटीवर बसून कामगार खुशाल डबा खात होते. बाईंनी त्यांना उठवलं तेव्हा एकजण म्हणाला, "बाई, बसायला एवढी भक्कम वस्तू दुसरी नाही हो इथं." हसावं की रडावं तेच त्यांना कळेना. त्यांनी आधी बसायला बाक आणवलं, मग पेटी कुलपात घातली.

सासरी त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. हे नाव ठेवलं थोरल्या दिरांनी. भाऊजी जिल्ह्याच्या रुग्णालयात एक्स-रेचे तंत्रज्ञ होते. वडील अकाली गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच लहानाचं मोठं केलं. धाकट्या भावजयीने लग्नानंतर नोकरी सोडू नये म्हणून घरात भांडले तेही तेच. आणि नव्या कामात एक्स-रेची खोली म्हणजे काय असतं हे दाखवलं तेही त्यांनीच. "तुझ्या पुस्तकात किरणं सरळ रेषेत जातात, मास्तरीणबाई," ते म्हणायचे, "इथं पेशंट हलतो, पोरं रडतात आणि दार कधी नीट लागत नाही." बाईंचा या माणसावर फार जीव होता.

यंत्रं सापडल्यावर पाळी आली माणसांची. किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने छातीवर एक छोटा बिल्ला लावायचा आणि दर तिमाहीला तो कार्यालयाकडे पाठवायचा, असं ठरलं. बिल्ला किरणं अडवत नाही. तो फक्त लक्षात ठेवतो. कार्यालयात तो तापवला की मंद उजळतो, आणि त्या उजेडावरून कळतं की माणसाच्या अंगावर किती किरणं पडली. सोबतचा नियम बाईंनी स्वतः लिहिला होता: ज्याच्या बिल्ल्यावर मर्यादेपेक्षा जास्त दिसेल, त्याला त्या कामावरून तत्काळ दूर करावं. माणूस वाचावा, एवढाच हेतू. पण तंत्रज्ञांनी त्यातून वाचलं ते एवढंच, की बिल्ला भरला की खुर्ची गेली.

मग काय, बिल्ले कोरेच्या कोरे यायला लागले. भाऊजींचा तर त्यात पहिला नंबर. बाई चिडवायच्या, "भाऊजी, तुमचा बिल्ला सुट्टीवर जाऊन आल्यासारखा दिसतो." भाऊजी हसण्यावारी न्यायचे. बाईंच्या मनात पाल चुकचुकायची, नाही असं नाही. पण कोरा बिल्ला म्हणजे खोली चांगली आणि तंत्रज्ञ शहाणा, असाही अर्थ निघतोच की! आणि आपल्या माणसाच्या बाबतीत आपण सोयीचा अर्थ आधी काढतो, त्याला बाई तरी काय करणार.

आणि एका तिमाहीला भाऊजींचा बिल्ला उजळला तो असा, की बाईंना वाटलं यंत्रच बिघडलं. त्यांनी यंत्र पुन्हा पुन्हा तपासलं. यंत्रात काही खोट नव्हती. साहेबांना सांगून त्यांनी मिळेल ती बस धरली आणि वाटभर त्यांच्या डोळ्यांपुढे भाऊजींचा हसरा चेहरा आणि रक्ताच्या तपासण्या येत राहिल्या.

भाऊजी काचेआडच्या बटणापाशी उभे होते. पेशंट बाहेर गेल्यावर बाईंनी दार लावून घेतलं.

"भाऊजी, तुमचा बिल्ला भरलाय. मर्यादा कुठल्या कुठं मागे राहिलीय. आजपासून तुम्ही या खोलीत काम करायचं नाही. आधी रक्त तपासायचं."

भाऊजी क्षणभर चरकले आणि मग खो खो हसत सुटले. "मास्तरीणबाई, तुझं यंत्र तद्दन खोटारडं आहे!"

"मी तपासलंय ते."

"अगं, मी बिल्ला घालतच नाही! आता सांगूनच टाकतो. आधी खणात ठेवायचो. तू येऊन खण उघडून बघायला लागलीस, तेव्हापासून पलीकडच्या खोलीत खुंटीला लावतो. तिथं किरणांचा काही संबंधच नाही. ज्या बिल्ल्याने या खोलीचं तोंड बघितलेलं नाही, तो भरला म्हणतेस?"

आता कशी जिरवली, अशा थाटात ते बघत होते. बाई मात्र भिंतीकडे बघत होत्या. छातीचा एक्स-रे काढताना पेशंट ज्या फळीला छाती टेकवून उभा राहतो, ती फळी पूर्वी बाहेरच्या जाड भिंतीला होती. बाई तपासणीला आल्या तेव्हाही ती तिथंच होती. आता ती आतल्या भिंतीवर होती. एका मोठ्या खोलीच्या दोन करताना मध्ये अर्ध्या विटेची पातळ भिंत उभी केली होती, तिच्यावर.

"ही फळी इकडे कधी आणलीत?"

"त्या भिंतीला ओल आली गं. पोपडे पेशंटच्या डोक्यावर पडायला लागले, म्हणून हलवली. तुला कळवायचं राहिलं, हे खरं."

"आणि पलीकडे काय आहे?"

"काय असणार? सामानाची खोली होती. आता नोंदणीचं टेबल तिथं..."

भाऊजींचं वाक्य पुरं झालंच नाही. नोंदणीच्या टेबलावर छकुली बसायची. छकुली म्हणजे भाऊजींची एकुलती एक लेक. लग्न झालं, रुग्णालयात कारकून म्हणून लागली, तरी तिचं घरातलं नाव काही मोठं झालं नव्हतं. तिला चौथा महिना होता.

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते तसेच धावत पलीकडे गेले आणि हाताला धरून लेकीला खुर्चीवरून उठवलं. "बाबा, अहो रांग लागलीय बाहेर," ती म्हणत राहिली. बाईंनी यंत्राची वीज तोडली, दाराला कुलूप लावून कार्यालयाची मोहोर ठोकली आणि पेशंटना दुसऱ्या रुग्णालयात पाठवायची सोय केली. मग त्या छकुलीला घेऊन आवारातल्या बाकावर बसल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"काकू, बाळाला काही झालं असेल?"

"मला माहीत नाही, बाळा. मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. पण मोजणार मी स्वतः, आणि सांगणारही मीच."

खोटा धीर द्यायचा मोह बाईंना झाला नाही असं कसं म्हणू! जिला कडेवर खेळवलं ती पोर समोर बसून पोटावर हात ठेवून विचारत होती. पण त्या दिवशी बाईंनी जीभ आवरली, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या नोकरीतलं हे सगळ्यात अवघड काम होतं.

सुट्टीच्या दिवशी, रुग्णालयाचा तो भाग रिकामा करून, बाईंनी छकुलीच्या खुर्चीवर, टेबलावर, भिंतीवर आणि त्या खुंटीवर बिल्ले लावले. पेशंटच्या जागी फळीपुढे पाण्याने भरलेला मोठा डबा ठेवला. बटण भाऊजींनी दाबलं. दुसऱ्या कुणाला त्यांनी हातच लावू दिला नाही. रोज जेवढे एक्स-रे काढायचे तेवढे त्यांनी काढले, मान वर न करता.

कार्यालयात बाईंनी ते बिल्ले एकेक करून तापवून वाचले. खुंटीवरचा बिल्ला पुन्हा लखलखला, कारण खुंटी बरोबर फळीच्या पाठीमागे होती. तिच्याखाली मात्र फायलींचं लोखंडी कपाट होतं, त्यामुळे तिथं कुणी बसत नसे. छकुली उजेड चांगला म्हणून पार खिडकीशी बसायची, आणि त्या कोपऱ्यात फार थोडी किरणं पोचत होती. बाईंनी सारा हिशेब दोनदा केला, साहेबांकडून तपासून घेतला आणि दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या घरी गेल्या.

"ऐक," त्या छकुलीला म्हणाल्या, "तुझ्या अंगावर जे पडलं ते नियमात बसत नाही. व्हायला नको होतं. पण आम्ही मर्यादा ठरवतो ती विहिरीच्या कठड्यासारखी नाही. लांबवर कुंपण घालतो. तू कुंपणाच्या आत आलीस, विहीर अजून पुष्कळ लांब होती. एवढ्याने बाळाला इजा होत नाही. तुला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईही हेच म्हणाल्या."

"माझ्या जागी तू असतीस तर झोप लागली असती तुला?"

"नसती लागली. पण आकडा हाच राहिला असता."

छकुली पोटभर रडली. मग डोळे पुसून बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही बिल्ला तिथं टांगला नसता तर हे कळलंच नसतं."

"बिल्ल्याचं नको सांगूस, पोरी," भाऊजी म्हणाले. "मी फळी हलवली आणि पलीकडे कोण बसतं ते बघितलं नाही. स्वतःला वाचवायला जागा शोधत होतो मी."

तिथून बाई थेट साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, नियम मी लिहिला आणि तो चुकला. माणसं किरणांना भीत नाहीत, आपल्याला भितात. बिल्ला भरला तर आधी खोली तपासायची, आणि माणसाला दुसरं काम द्यायचं ते त्याच पगारावर, त्याच पदावर. हे लिहा, नाहीतर मला बिल्ले वाटायला सांगू नका."

साहेबांनी कुरकुर केली, वरच्यांनी त्याहून जास्त केली, पण नियम बदलला. न कळवता फळी हलवल्याबद्दल भाऊजींना लेखी ताकीद मिळाली. तिच्यावर सही बाईंचीच होती. भिंतीवर शिशाचे पत्रे बसले.

नवा नियम समजावून सांगायला देशभरच्या तंत्रज्ञांची बैठक बोलावली. बाईंनी नियम वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "खुर्ची जाणार नाही, हे लेखी दिलंय. आता खरं सांगा, बिल्ला कोण कोण घालत नाही?"

कुणी छताचे पंखे मोजले, कुणी बुटांची नाडी सारखी केली. बाईंना वाटलं, संपलं, पुन्हा सगळं कोरंच येणार.

तेवढ्यात मागच्या रांगेतून भाऊजी उठले. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. चारचौघांत मान खाली घालणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"मी घालत नव्हतो," ते म्हणाले. "इतकी वर्षं एकदाही नाही. बिल्ला कोरा राहावा म्हणून पलीकडच्या खोलीत टांगला. तो तिथं भरला. त्या खोलीत माझी लेक बसत होती, पोटुशी." त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "तिचं नशीब, की ती खिडकीशी बसायची. त्यात माझी अक्कल काही नव्हती." आणि ते खाली बसले.

बाईंकडे पुढचं भाषण लिहून आणलेलं होतं. ते वाचायची वेळच आली नाही. मधल्या रांगेतल्या एका तंत्रज्ञाने खिशातून फोन काढला आणि बाहेर जायचंही भान न ठेवता तिथंच बोलायला लागला. "हॅलो, मीच बोलतोय. यंत्र बंद कर. कारण मग सांगतो. आधी बघ, आपल्या भिंतीपलीकडे कोण बसतं?" त्याचं बोलणं संपायच्या आत त्याच्या शेजारचा उठला, मग त्याच्या पुढचा. बघता बघता सारं सभागृह कानाला फोन लावून उभं राहिलं, आणि प्रत्येकजण आपापल्या गावी तोच एक प्रश्न विचारत होता.